कधीतरीच जातो, म्हणूनच दिवा

"कधीतरीच तर जायचं असतं रात्री, त्यासाठी दिवा कशाला हवा?"

हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते कानावर आलं की हात आपोआप कपाळाकडे जातो. आमच्या सायकलवाल्या मित्रांकडून ऐकलं, ऑफिसात ऐकलं, आणि गेल्या महिन्यात एका बारशाला आमच्या मामांकडून ऐकलं. मामा हा ब्लॉग वाचतात. तेव्हा मामा, रागवू नका, पण आज तुमच्याशीच भांडायचं आहे. तिथे पंगतीत भांडता आलं नाही, जिलब्या येत होत्या.

माझं म्हणणं थोडक्यात असं: जो रोज रात्री सायकल चालवतो त्याच्यापेक्षा जो कधीतरीच चालवतो त्याला दिव्याची गरज जास्त आहे. आणि हा दिवा हजार रुपयांच्या आत नीट येतो. त्यामुळे "परवडत नाही" हे कारण निदान आपल्यासारख्या, टायरमधल्या हवेच्या दाबावर तासभर बोलणाऱ्या लोकांनी देऊ नये.

आता "कधीतरी" म्हणजे काय ते बघू. रोज रात्री जाणाऱ्याला रस्ता पाठ असतो. कुठला खड्डा कुठे आहे, कुठला खांब बंद आहे, कुठल्या गल्लीतून रिक्षा उलटी घुसते, सगळं माहीत असतं. त्याच्याकडे दिवा असतोच, आणि तो चार्ज केलेला असतो. आपण कधीतरीवाले मात्र रात्र ठरवून गाठत नाही, रात्रच आपल्याला गाठते. दुपारी चारला खडकवासल्याला निघायचं, धरणावर कणसं खायची, गप्पा रंगतात, परतताना कुणाचं तरी चाक पंक्चर होतं, आणि एनडीए रस्त्याच्या झाडीतून चांदणी चौकाकडे येईपर्यंत साडेसात झालेले असतात. थंडीच्या दिवसांत पुण्यात सहा-सव्वासहालाच अंधारायला लागतं. म्हणजे अनोळखी अंधार, दमलेले पाय, आणि घरी ड्रॉवरमध्ये राहिलेला दिवा (असलाच तर). याला मामा "कधीतरीच" म्हणतात. अहो, अपघातही कधीतरीच होतो!

दुसरं वाक्य याच्याच जोडीचं. "मला दिसतं की! रस्त्यावर दिवे असतात."

तुम्हाला दिसतं हो. प्रश्न तुम्ही दिसता का हा आहे. सायकलच्या दिव्याची दोन कामं असतात. एक, आपल्याला रस्ता दाखवणं. दुसरं, इतरांना आपण दाखवणं. शहरात पहिलं काम बरंचसं रस्त्यावरचे दिवे करतात. दुसरं काम त्यांच्यावर सोडता येत नाही, कारण त्यांच्या खाली सावल्याही असतात, झाडंही असतात, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर थेट चालकाच्या डोळ्यांत गेला की त्यानंतरचे काही क्षण त्याला गडद शर्टातला माणूस आणि डांबर यांत फरक कळत नाही.

थोडं गणित करू. मागून येणारी गाडी ताशी ५० किलोमीटरने येते आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. चालकाने तुम्हाला बघून, ओळखून, ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत दीड सेकंद गेला तर गाडी २१ मीटर पुढे आलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी पंधरा-वीस मीटर. एकूण पस्तीस-चाळीस. पाऊस असेल तर आणखी. म्हणजे तुम्ही त्याला चाळीस मीटरच्या आधी कळायला हवं, आणि नुसतं "काहीतरी आहे" असं नाही, तर "सायकल आहे, माझ्याच दिशेने चालली आहे" असं कळायला हवं. ते सांगायचं काम लाल रंग करतो. लाल म्हणजे पाठ, पांढरा म्हणजे तोंड. इतकी साधी भाषा आहे, आणि ती प्रत्येक चालकाला येते. (म्हणून कृपया चाकांत निळे-हिरवे दिवे लावून फिरू नका. ते गणपतीच्या मखराला छान दिसतात.)

बरं, हे मी एकटाच म्हणत नाही. आपल्याच देशात १ एप्रिल २०१७ पासून नव्या मोटारसायकली आणि स्कूटर यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना सतत पेटता ठेवायचा नियम आहे. भर दुपारीसुद्धा! कारण काय, तर दुचाकी इतरांच्या चटकन लक्षात येत नाही. आता बघा, जी गाडी आवाज करते, जिचा आकार सायकलीपेक्षा मोठा, तिने भरदिवसा दिवा लावायचा. आणि जी सायकल आवाजही करत नाही, तिने रात्रीसुद्धा नाही लावला तरी चालेल. हे कुठलं तर्कशास्त्र?

डेन्मार्कमध्ये ओडेन्से शहरात २००४-०५ साली मोठा प्रयोग झाला होता. काही हजार सायकलवाल्यांपैकी एका गटाला सतत चालू राहणारे दिवे बसवून दिले, दुसऱ्याला नाही, आणि वर्षभर अपघात मोजले. दिवेवाल्या गटात इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी निघाले. तेही दिवस-रात्र मिळून. आणि तो देश सायकलींसाठी वेगळे रस्ते बांधणारा. आपल्याकडे तर सायकलच्या वाटेवर भेळेची गाडी असते.

इथे रिफ्लेक्टरवाले मंडळी हात वर करतात. "सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर असतोच की. सरकारने त्याच्या दर्जाचा नियमही केलाय." खरंय, केंद्र सरकारने २०२० साली सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला. उत्तम झालं. मी रिफ्लेक्टरच्या विरोधात अजिबात नाही. पण रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतो. म्हणजे समोरच्याचा दिवा तुमच्यावर पडला तरच तो बोलणार. वळणावरून गाडी येत असेल, आडव्या गल्लीतून स्कूटर बाहेर पडत असेल, मागच्या मोटारसायकलचा दिवा मंद असेल किंवा आकाशाकडे बघत असेल, तर रिफ्लेक्टर गप्प. रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांच्या कपाळावर तर दिवा नसतोच. शिवाय कॅरियरवर पिशवी बांधली की पहिला झाकला जातो तो रिफ्लेक्टर. आणि चिखल, धूळ हे वेगळंच. तेव्हा रिफ्लेक्टर हवाच, पण दिव्याच्या जोडीला. ताटात लोणचं आहे म्हणून कुणी भाजी टाळत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांकडे वळतो, कारण हे लोकही तितकेच दोषी आहेत. ल्युमेनवाले! यांचं म्हणणं, घ्यायचा तर दणदणीत दिवा घ्या, नाहीतर घेऊच नका. आणि यांच्यामुळेच बिचाऱ्या नवख्याला वाटतं की दिवा म्हणजे पाच हजारांचं प्रकरण. मग तो घेतच नाही.

यातले काही जण खरे महाग दिवे घेतात, त्यांचा पैसा, माझं काही म्हणणं नाही. पण बरेच जण ऑनलाइन मिळणारा पाचशे रुपयांचा "५००० ल्युमेन"वाला दिवा घेतात. यावर जरा विचार करा. मोटारीच्या साध्या हॅलोजन बल्बचा डिपरवरचा उजेड साधारण १००० ल्युमेन असतो. म्हणजे पाचशे रुपयांत पाच मोटारींचे दिवे, हाताच्या पंजात मावणारे! चांगल्या एलईडीला एका वॉटमागे शंभर ल्युमेन धरले तरी ५००० ल्युमेनला ५० वॉट लागतील. आत असतो एक गोल लिथियम सेल, ज्याला १८६५० म्हणतात. तो अगदी उत्तम असला तरी त्याची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास, म्हणजे बारा-साडेबारा वॉट-तास. पंधरा मिनिटांत संपला. त्याच्यावर ९९०० एमएएच छापलेलं असेल तर समजा की हा माल खोटं बोलतोय, आणि जो क्षमतेबद्दल खोटं बोलतो तो चार्जिंगच्या वेळच्या सुरक्षिततेबद्दल खरं बोलत असेल असं मी तरी धरून चालणार नाही.

शिवाय हा झोत गोल असतो, टॉर्चसारखा. जितका रस्त्यावर पडतो तितकाच समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोरून येणाऱ्या ट्रकच्या अप्परला शिव्या घालणारे आपण, स्वतःच्या हँडलवर तेच करतो. समोरचा डोळे बारीक करून अंदाजाने गाडी हाकतो, आणि तो अंदाज आपल्या अंगावर येऊ शकतो.

लागतो किती उजेड? आपण ताशी १५ ते १८ किलोमीटरने जातो, म्हणजे सेकंदाला चार-पाच मीटर. बघून ब्रेक दाबून थांबायला दहा-बारा मीटर पुरतात. शहरात १०० ते २०० ल्युमेन भरपूर झाले, दिवे नसलेल्या रस्त्यावर २०० ते ४००. जुन्या डायनामोचा बल्ब आठवतोय का कुणाला? बाटलीसारखा तो डायनामो टायरला घासून घुर्र करायचा. ६ व्होल्ट, ३ वॉट, त्यातले २.४ पुढच्या दिव्याला आणि ०.६ मागच्या. आजच्या साध्या एलईडीपुढे तो बल्ब मिणमिणताच. सिग्नलला थांबलं की तोही विझायचा. त्या उजेडात आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षं सायकली चालवल्या. आणि मामा, बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस चाकातली हवा सोडायचे ही गोष्ट आम्ही तुमच्याच तोंडून ऐकली आहे. तेव्हा दिवा हवा हे पटत होतं, आता का नाही?

बरं, भांडण पुरे. हजार रुपये आहेत असं धरू आणि खरेदी करू.

आधी मागचा लाल दिवा. साधारण तीनशे-साडेतीनशे. पुढचा दिवा नसेल तर आपण निदान हळू जाऊ शकतो, मागून येणाऱ्याचा वेग आपल्या हातात नसतो. रात्री वीस-तीस ल्युमेन पुरतात. बाजूनेही दिसेल असा घ्या. सीटच्या दांड्यावर, सरळ मागे बघणारा लावा, आणि एकदा कुणाला तरी मागे उभं करून विचारा की शर्टाचं टोक, रेनकोट किंवा पाठीवरची सॅक त्यावर येत नाही ना. अर्ध्या लोकांचा दिवा शर्टाच्या पदराआड पेटत असतो. आणि रात्री तो लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवा. याबाबत देशोदेशी मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये २००५ पासून लुकलुकता दिवा कायद्याने चालतो, जर्मनीत चालत नाही. पण लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंतराचा अंदाज घेणं अवघड जातं असा माझा गाडी चालवतानाचा अनुभव आहे. लुकलुकता दिवसा ठीक.

मग पुढचा पांढरा, पाचशे-साडेपाचशेपर्यंत. १५० ते २०० ल्युमेनचा, ज्याने आपली क्षमता लाजत सांगितली आहे असा. पावसासाठी आयपीएक्स ४ तरी असावं, म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी तो सोसतो. लावताना भिंतीची परीक्षा घ्या. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. दिवा जमिनीपासून एक मीटर उंच असेल तर झोताचा मध्य भिंतीवर अर्ध्या मीटरवर पडायला हवा. म्हणजे तो रस्त्यावर दहा मीटर पुढे पडेल आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही. दोन मिनिटांचं काम आहे, फुकट आहे.

उरलेल्या शंभरात चमकणारी पट्टी. ती पाठीवर लावण्याआधी घोट्याला गुंडाळा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की घोट्याला आणि गुडघ्याला पट्ट्या असल्या की चालकांना सायकलस्वार फार लवकर ओळखू येतो, कारण वरखाली होणारे पाय म्हणजे माणूस, हे डोळ्याला चटकन कळतं.

आता खास कधीतरीवाल्यांसाठी. आपला खरा शत्रू मंद दिवा हा नाहीच. आपला शत्रू म्हणजे घरी राहिलेला दिवा आणि मेलेला सेल. चार्जिंगचा दिवा सहा महिने पडून राहिला की ऐन वेळी दगा देतो. म्हणून महिन्याच्या एक तारखेला तो मोबाइलच्या चार्जरला लावायचा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी मागचा दिवा रिमोटच्या सेलवर चालणारा घ्यावा. हे सेल खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतात. पण महिनोन् महिने वापर नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतले पत्रे खातात. आणि दोन्ही दिवे पंक्चरच्या पिशवीतच ठेवायचे. पंपाशिवाय आपण निघत नाही ना? मग दिव्याशिवायही नाही.

मामांच्या लेकीचं उदाहरण देतो, म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही. ती नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला असते, रोज सायकलने फिरते. तिकडे अंधारात बिनदिव्याचं निघालं तर दंड होतो. पण दिवा सायकलवरच हवा असं नाही, कपड्याला किंवा पिशवीला अडकवलेला छोटा दिवाही चालतो. ती म्हणते, तिच्या पर्समध्ये किल्लीच्या शेजारी दोन इवलेसे दिवे कायम असतात. बघा मामा, घरातच सोय आहे.

आता एक आक्षेप असा आहे ज्याला मी मान देतो. तो असा की सगळी जबाबदारी सायकलवाल्यावरच का? रस्त्यावरचे दिवे पालिकेने लावावेत, गाडीवाल्याने वेग आवरावा, अप्पर टाळावा. ज्याला धडक बसली त्यालाच "दिवा का नव्हता" विचारणं हा अन्याय आहे. अगदी मान्य. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि ती काही सायकलवाल्यांच्या चुकीने गेली नाहीत. दिवा नाही म्हणून कुणाला मारायचा परवाना मिळत नाही. पण पालिकेशी भांडायला मला जिवंत असणं गरजेचं आहे. खांबावरचा दिवा लागेपर्यंत माझ्या सीटखालचा दिवा लागू दे. दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येतात.

आणि या वादात एक माणूस नेहमी विसरला जातो. आपण कधीतरीवाले हौसेने जातो. आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमनकाका रोज वारज्याहून जुन्या काळ्या सायकलवर येतात, सकाळी उजाडायच्या आत परत जातात. डब्याची पिशवी कॅरियरला, म्हणजे रिफ्लेक्टर झाकलेला. त्यांना मी मागचा दिवा आणून दिला तर म्हणाले, "साहेब, चोरीला जाईल." त्यांचा मुद्दा बरोबर होता. मग क्लिपचा परत केला आणि कॅरियरला नट-बोल्टने बसणारा, सेलवर चालणारा घेतला. आता तो दोन पावसाळे टिकलाय. सेल संपले की ते मला सांगतात, मी आणून देतो. मला त्यात खर्च किती आला? एका पिझ्झाइतकाही नाही. पण त्यांच्या पगारातून तो आधी निघत नव्हता, कारण घरातलं दुसरं काहीतरी नेहमीच जास्त निकडीचं असतं. ज्यांच्यासाठी रात्र "कधीतरी" नसते त्यांच्याकडेच दिवा नाही, हे आपल्याला खटकायला हवं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सायकलला जशी घंटी आणि रिफ्लेक्टर येतात तसा मागचा लाल दिवा कारखान्यातूनच यावा, नट-बोल्टने बसवलेला, सेलवर चालणारा, आणि तो किमतीतच धरलेला असावा. वीस हजारांची सायकल विकताना बाटलीचा स्टँड फुकट देणारे दुकानदार दिव्याचं नावही काढत नाहीत, त्यांना आपणच विचारायला सुरुवात करू. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याला ते स्वतःहून दाखवतील.

आणि तोपर्यंत? दिवाळीला आपण सगळे आकाशकंदिलावर तीन-चारशे सहज घालतो. यंदा त्याच यादीत एक लाल दिवा लिहा. आपल्यासाठी घेतला असेल तर पेपरवाल्यासाठी, दूधवाल्यासाठी, वॉचमनसाठी. बसवून द्या मात्र, नुसता हातात देऊ नका, नाहीतर तो घरी कपाटात जातो.

मामा, तुमचा मी आणलाय. रविवारी पाना घेऊन येतो. जिलब्या असल्या तर उत्तम.